मशीन आहे, हात कुठाय?

रात्री दीड वाजता आमची गाडी खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडली, तेव्हा मागच्या सीटवर मी स्नोईचे श्वास मोजत होते. मिनिटाला ७२. मान पुढे ताणलेली, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढलेले, आडवी व्हायला अजिबात तयार नाही. बाबा गाडी चालवत होते आणि दर पाच मिनिटांनी एकच विचारत होते, "आहे ना?" आई तिला कधीच स्नोई म्हणत नाही, सोनई म्हणते. त्या रात्री आई काहीच बोलत नव्हती.

पुण्यात पोचल्यावर ऑक्सिजनची पेटी, फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन आणि सकाळपर्यंत वाट बघणं. सकाळी हृदयाच्या डॉक्टर आल्या, त्यांनी एको केला. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा गोल दिसतोय ना, ती महाधमनी. तिच्या शेजारचा हा फुगा म्हणजे हृदयाचं डावं अलिंद. फुगा या गोलाच्या दीडपटीच्या आत असला तर आपण निर्धास्त असतो. हिचा अडीचपट झालाय." मग त्यांनी विचारलं, "मर्मर आहे असं आधी कुणी सांगितलं होतं का?"

सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, रेबीजची लस द्यायला नेलं होतं तेव्हा. "थोडा मर्मर आहे, वय झालं की असतो," एवढंच. पुढे खोकला सुरू झाला तेव्हा कफ सिरप मिळालं. मग अँटिबायोटिक. मग दुसरं अँटिबायोटिक.

स्नोई त्यानंतर सात महिने जगली. हा तिच्यावरचा मृत्युलेख नाही. गावाकडच्या आमच्या डॉक्टरांवर राग काढायलाही मी बसलेली नाही. खरं सांगायचं तर पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे भांडायलाच गेले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. टेबलाशेजारी अल्ट्रासाउंडचं मशीन होतं, त्यावर कापड टाकलेलं. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघ पोरी, पोटाची सोनोग्राफी मी रोज करतो. गाभण आहे का, पिशवीत पू झालाय का, मूतखडा आहे का, सगळं बघतो. पण छातीवर प्रोब कधी ठेवलेला नाही. कॉलेजात कुणी ठेवायला दिला नाही. नंतर वाटलं, चुकलो तर काय? म्हणून मीही ठेवला नाही."

हा माणूस रात्री दोन वाजता अडलेल्या म्हशीसाठी चिखलातून जातो. त्याच्याशी भांडण तिथेच संपलं. ज्यांनी त्याला साडेपाच वर्षं शिकवून पदवी दिली, त्या व्यवस्थेशी मात्र सुरू झालं.

माझं म्हणणं सरळ आहे. पशुवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला कुत्र्याच्या छातीवर स्वतःच्या हाताने प्रोब ठेवून हृदयाबद्दलच्या तीन साध्या प्रश्नांची उत्तरं काढता आली पाहिजेत. ते येत नसेल तर पदवी देऊ नये. "स्पेशालिस्ट बघतील", "मशीन महाग आहे", "आता एआय येतंय" ही जी कारणं दिली जातात, ती मला पटत नाहीत. शेवटचं तर मुळीच पटत नाही, कारण तो माझाच धंदा आहे.

आधी आजार समजून घेऊ. कुत्र्यांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हृदयविकार म्हणजे मायट्रल झडपेची झीज. डाव्या अलिंदातून डाव्या निलयात रक्त सोडणारी ही झडप वयानुसार जाड आणि गाठाळ होते, नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलट मागे जातं. त्या उलट्या धारेचा जो आवाज येतो तो मर्मर. पामेरियन, डॅक्सहुंड, कॅव्हेलियर अशा छोट्या जातींत हे खूप दिसतं. आता मुद्दा असा की ही गळती असूनही कित्येक कुत्री वर्षानुवर्षं मजेत जगतात. काहींचं हृदय मात्र हळूहळू फुगत जातं आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरतं. बाहेरून दोन्ही कुत्री सारखीच दिसतात. दोघांनाही मर्मर असतो, दोघंही बॉल आणायला पळतात.

या दोघांतला फरक ओळखणं एवढं महत्त्वाचं का, याचं उत्तर २०१६ साली मिळालं. एपिक नावाच्या चाचणीत ३६० कुत्री घेतली होती. सगळ्यांना मर्मर, सगळ्यांचं हृदय वाढलेलं, पण त्रास अजून कुणालाच नाही. निम्म्यांना पिमोबेंडन दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. हार्ट फेल्युअर होईपर्यंत किंवा हृदयामुळे मृत्यू येईपर्यंतचा मध्यक काळ औषध न मिळालेल्या गटात ७६६ दिवस होता, औषध मिळालेल्या गटात १२२८ दिवस. म्हणजे सुमारे सव्वा वर्ष जास्त. बारा-तेरा वर्षं जगणाऱ्या प्राण्याच्या आयुष्यात सव्वा वर्ष म्हणजे किती, ते ज्याच्या घरी म्हातारं कुत्रं आहे त्याला विचारा.

पण हा फायदा हृदय वाढलेल्या कुत्र्यांतच दिसलेला आहे. पशुवैद्यकीय भाषेत या टप्प्याला बी-२ म्हणतात. मर्मर आहे पण हृदय फुगलेलं नाही, तो बी-१. बी-१ च्या कुत्र्याला गोळी सुरू करायला आधार नाही. अलिंद महाधमनीच्या १.६ पट किंवा जास्त आहे का, हा त्या निर्णयातला एक मोठा आकडा. आणि हा आकडा स्टेथोस्कोपमधून ऐकू येत नाही. मर्मर ऐकला म्हणून गोळी सुरू करणं हा अंदाज आहे, मर्मर ऐकूनही "वय झालंय" म्हणून सोडून देणं हाही अंदाजच.

स्नोईचा तो पहिला मर्मर ऐकला तेव्हा तिचं हृदय वाढलेलं होतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. कदाचित नसेलही. मग सहा-आठ महिन्यांनी परत बघितलं असतं. बघायला कुणी असतं तर.

उलटी चूकही तितकीच होते. छोट्या कुत्र्यांमध्ये श्वासनळीच्या कड्या सैल पडून ती दबते आणि कोरडा, भोंग्यासारखा खोकला येतो. त्याच कुत्र्याला मर्मरही असतो, कारण जात तीच आणि वय तेच. डॉक्टर मर्मर ऐकतात, खोकला ऐकतात, दोन आणि दोन चार करतात आणि लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड सुरू करतात. फुप्फुसांत पाणी नसताना हे औषध महिनोन् महिने दिलं तर शरीरातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि खोकला आहे तिथेच राहतो.

म्हणून तीन प्रश्न. एक, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचलंय का? दोन, डावं अलिंद उघड फुगलेलं आहे का? तीन, हृदय जोर लावून आकुंचन पावतंय का, की नुसतं थरथरतंय?

पहिला प्रश्न किती मोलाचा आहे बघा. एखादा गोल्डन रिट्रिव्हर अचानक कोसळतो, हिरड्या पांढऱ्या, नाडी क्षीण. हृदयाच्या पिशवीत रक्त साचून हृदय दाबलं जात असेल तर सुई घालून ते काढणं हा उपाय. "हार्टचा प्रॉब्लेम दिसतोय" म्हणून त्याला फ्युरोसेमाइड दिलं तर आधीच कमी भरणारं हृदय आणखी रिकामं होतं आणि कुत्रं जाऊ शकतं. एक्स-रेवर वाढलेलं हृदय आणि पाण्याने भरलेली पिशवी, दोन्ही मोठ्या गोल सावल्या दिसू शकतात. अल्ट्रासाउंडवर एक पांढरं, एक काळं. ज्याने हे चित्र चार वेळा बघितलंय त्याला पाचव्या वेळी ओळखायला मिनिट लागत नाही.

तिसरा प्रश्न डोबरमनसारख्या मोठ्या कुत्र्यांसाठी. त्यांच्यात झडपेपेक्षा हृदयाचा स्नायूच दुबळा होण्याचा आजार जास्त, आणि त्यात पुष्कळदा मर्मर नसतोच. म्हणजे स्टेथोस्कोपने "सगळं ठीक" सांगितलेला कुत्रा आतून संपत आलेला असू शकतो.

"पण हे स्पेशालिस्टचं काम आहे." हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की आता मला ते पाठ आहे. झडपेतली गळती डॉप्लरने मोजणं, जन्मजात दोष शोधणं, दाबांचे हिशेब करणं हे स्पेशालिस्टचंच काम, वाद नाही. पण स्पेशालिस्टकडे कुणाला पाठवायचं हे तरी कोण ठरवणार? अमेरिकेत २००४ साली वाहनाची धडक बसलेल्या १०० कुत्र्यांवर एक अभ्यास झाला. पोटात मोकळा द्रव आहे का, एवढा एकच प्रश्न, आणि प्रोब धरणारे रेडिओलॉजिस्ट नव्हते, अल्ट्रासाउंडचा फारसा अनुभव नसलेले साधे डॉक्टर होते. थोड्या शिकवणीवर त्यांना ते जमलं. पुढे हीच पद्धत छातीसाठीही तयार झाली आणि आज जगभरच्या इमर्जन्सीत वापरली जाते. प्रश्न छोटा केला की शिकवणंही आटोक्यात येतं.

मग आपल्याकडे काय होतं? माझा मावसभाऊ पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव घेत नाही, त्याची परीक्षा व्हायचीय. त्याला मी विचारलं, "तू कुत्र्याचा एको किती वेळा केलास?"

तो हसला. "ताई, केला? बघितला म्हण. एक मशीन, सर प्रोब धरून, भोवती आम्ही वीस जण. मागच्या रांगेतून मला स्क्रीनचा वरचा कोपरा दिसायचा. कुत्रं अस्वस्थ व्हायला लागलं की सर म्हणायचे, आज एवढंच."

"मग परीक्षेत काय विचारतात?"

"अल्ट्रासाउंडचं तत्त्व लिहा. प्रोबचे प्रकार लिहा. दहा मार्क."

मी इंजिनीअरिंग केलंय, त्यामुळे मला धक्का बसला नाही. आम्हीही वहीवर हाताने सी प्लस प्लसचे प्रोग्रॅम लिहून पास झालो. फरक एवढाच की माझा पहिला बग कंपनीत सीनिअरने पकडला आणि कुणी मेलं नाही.

प्रोब धरणं हे सायकल चालवण्यासारखं हाताचं काम आहे. कुत्र्याला उजव्या कुशीवर झोपवायचं, शक्यतो खाच कापलेल्या टेबलावर, म्हणजे खालून प्रोब लावता येतो. केस बाजूला करायचे किंवा कापायचे, स्पिरिट, जेल. बोटांनी ठोका कुठे लागतोय ते शोधायचं. दोन बरगड्यांच्या मधल्या बोटभर फटीतून बघायचं, कारण हाडाच्या आणि हवेच्या पलीकडे अल्ट्रासाउंडला दिसत नाही. मग मनगट दोन-चार अंश फिरवायचं, थोडं झुकवायचं, थांबायचं. कुत्रं श्वास घेतं, फुप्फुस मध्ये येतं, चित्र जातं. परत शोधायचं. योग्य जागी आलं की महाधमनीच्या झडपेच्या तीन पाकळ्या मर्सिडीजच्या चिन्हासारख्या दिसतात. ते चिन्ह दिसलं की शेजारचं अलिंद मोजायचं.

घरी एक प्रयोग करून बघा. काकडी सरळ कापली की चकती गोल येते. सुरी तिरकी धरली की तीच काकडी लांबट चकती देते. काकडी तीच, आकार बदलला. प्रोब हीसुद्धा सुरीच आहे, प्रकाशाऐवजी आवाजाने कापणारी. हात तिरका असेल तर महाधमनी लांबट दिसते, अलिंद आहे त्यापेक्षा मोठं किंवा लहान दिसतं, आणि १.६ चा आकडा १.३ किंवा १.९ होऊन जातो. त्या आकड्यावर कुत्र्याचं पुढचं औषध ठरणार असतं.

आता माझ्या धंद्याकडे येते. स्नोई गेल्यावर मला वाटलं होतं की मी काहीतरी बनवेन. दिवसभर मशीन लर्निंगचंच काम करते, तर रात्री बसून कुत्र्याच्या एकोचं चित्र टाकलं की आकडा सांगणारं अ‍ॅप का नको? दोन शनिवार-रविवार घालवले. मग भावाने त्याच्या एका सीनिअरने काढलेली काही चित्रं आणून दिली. मी ती पुण्याच्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी एकेक बघितलं आणि बाजूला सारलं. "हे तिरकं. यात अलिंद अर्धंच आलंय. हे तर अलिंद नाहीच, फुप्फुसाची शीर धरलीय. यावर तुमचं अ‍ॅप काय सांगेल?"

अ‍ॅप आकडा सांगेल. दशांश चिन्हानंतर दोन स्थळं देऊन सांगेल. आणि तो चुकीचा असेल. आमच्या क्षेत्रात कचरा आत गेला तर कचराच बाहेर येतो हे पहिल्या वर्षी शिकवतात. एआय आल्यावर फरक इतकाच झाला की कचरा आता आत्मविश्वासाने बाहेर येतो.

यावर माझे सहकारी म्हणतात, अगं, चित्र कसं काढायचं तेही एआय सांगतं आता. खरं आहे. माणसांच्या हृदयासाठी, प्रोब कुठे हलवायचा याच्या सूचना देणाऱ्या सॉफ्टवेअरला २०२० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. एको कधीच न केलेल्या ८ नर्सेसनी त्याच्या मदतीने २४० रुग्णांची तपासणी केली आणि बहुतेक चित्रं उपयोगी निघाली. मला हे तंत्रज्ञान आवडतं. पण त्या नर्सेसनाही आधी शिकवावं लागलं, सरावाला माणसं द्यावी लागली. शिवाय माणसाची छाती साधारण एका साच्याची असते. कुत्र्यांमध्ये दोन किलोचा चिवावा आणि साठ किलोचा ग्रेट डेन, पगची पिंपासारखी छाती आणि डोबरमनची खोल, अरुंद छाती. आणि माणूस "श्वास रोखा" म्हटलं की रोखतो. कुत्रं चाटतं, नाहीतर चावतं. असं सॉफ्टवेअर कुत्र्यांसाठी चांगलं झालं तर ते शिकलेल्या हाताला मदत करेल. न शिकलेल्या हाताला ते चुकीचा धीर देईल, आणि मला त्याचीच भीती आहे.

हा हात-डोळ्यांचा प्रश्न नवाही नाही. हृदयाचा पहिला अल्ट्रासाउंड १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे झाला. इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ. धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र त्यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातून उसनं आणलं आणि छातीवर लावलं. संकेत लगेच मिळाला. पण तो संकेत कशाचा, हे कळायला वेळ गेला. सुरुवातीला एडलर यांना तो अलिंदाच्या भिंतीचा वाटला, तो निघाला मायट्रल झडपेच्या पडद्याचा. ज्याने ही विद्याच जन्माला घातली त्यालाही बघायला शिकावं लागलं. आपण मात्र समजतो की मशीन विकत घेतलं की बघता येतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "आपल्याकडे पशुवैद्यक शेतकऱ्याच्या गाई-म्हशींसाठी आहे, शहरी लोकांच्या पामेरियनसाठी नाही." मी गावातलीच आहे. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, स्नोईचा खर्च त्यांच्या पेन्शनमधून झाला. कुत्रं ही फक्त श्रीमंतांची चैन आहे असं मानणाऱ्यांनी एकदा तालुक्याच्या दवाखान्यातली रांग बघावी. पण ते सोडा. गाईचाच विचार करू. गोठ्यात वैरणीबरोबर तार किंवा खिळा गिळला जातो, तो पोटाच्या जाळीदार कप्प्यातून पुढे सरकून पडदा फाडतो आणि हृदयाच्या पिशवीत घुसतो. तिथे पू साचतो. गाय खाणं सोडते, छातीखाली सूज येते, मानेच्या शिरा फुगतात. ज्या विद्यार्थ्याने कुत्र्याच्या हृदयाभोवतीचं पाणी बघायला शिकलंय, त्याला गाईच्या हृदयाभोवतीचा पू बघायला किती वेगळं शिकावं लागेल? कुत्रं टेबलावर मावतं, चार जणांना उचलावं लागत नाही आणि कॉलेजच्या दवाखान्यात रोज येतं. शिकण्यासाठी याहून सोयीचं हृदय कुठे मिळणार?

तिसरा आक्षेप मशीनचा आणि कायद्याचा. परदेशात मोबाइलला जोडायचे, खिशात मावणारे प्रोब मिळतात. तिथला विद्यार्थी तो घेऊन घरच्या कुत्र्यावर रात्री सराव करू शकतो. आपल्याकडे नाही करू शकत, आणि त्याचं कारण योग्य आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा कायदा केला तो महाराष्ट्राने. केंद्राचा कायदा १९९४ चा. नोंदणी नसलेल्या कुणालाही असं मशीन विकायला त्यात बंदी आहे. २०११ च्या जनगणनेत या राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ९०० सुद्धा मुली नव्हत्या. मी या राज्यात मुलगी म्हणून जन्मले, वाढले. तो कायदा कुत्र्यांसाठी सैल करा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण यातून काय निघतं ते बघा. विद्यार्थ्याला घरी सराव करता येणार नाही, मित्राकडून मशीन आणता येणार नाही. पदवीनंतर बाहेर स्वतःच्या बळावर शिकायचं तरी मशीनपासून नोंदणीपर्यंत सगळं आधी उभं करावं लागतं. म्हणजे हात तयार होण्याची हक्काची जागा एकच उरते, कॉलेजचा दवाखाना. दुसरीकडे पर्याय नसतो तिथे कॉलेजची जबाबदारी वाढते. आपल्याकडे कायद्याचं कारण पुढे करून ती कमी केली जाते.

आणि मशीन नाहीच असंही म्हणू नका. आमच्या डॉक्टरांकडे होतं, कापडाखाली. हृदयासाठी लागतो तो छोट्या तोंडाचा खास प्रोब त्यांच्याकडे नव्हता, पण मायक्रोकन्व्हेक्स प्रोबनेही पिशवीत पाणी आहे का, अलिंद बरंच फुगलंय का, एवढं ढोबळ दिसतं. माझे तीन प्रश्न तेवढेच आहेत.

मग मागायचं काय? मी धोरणकर्ती नाही, पण कुठल्याही टीमला नवीन माणूस आला की त्याला कसं तयार करायचं एवढं मला कळतं. त्या अनुभवावरून चार गोष्टी.

पहिली, सराव कुत्र्यापासून सुरू करू नका. जिलेटिनमध्ये इसबगोल कालवून, आत पाण्याचा फुगा ठेवून केलेला गोळा अल्ट्रासाउंडखाली बऱ्यापैकी शरीरासारखा दिसतो. खर्च किराणा दुकानातला. प्रोब फिरवला की चित्र कसं फिरतं हे त्यावर शिका. कुठल्याही जनावराला त्रास न देता पहिल्या शंभर चुका तिथे होऊ द्या.

दुसरी, प्रत्येक विद्यार्थ्याने निदान २५ कुत्र्यांचं हृदय स्वतःच्या हाताने बघावं, आणि त्यातली बहुतेक निरोगी असावीत. आकडा माझा आहे, तुम्हाला १५ वाटत असेल तर १५ घ्या, पण शून्य नको. दवाखान्यात लसीसाठी आलेल्या कुत्र्याच्या मालकाला विचारलं, "पाच मिनिटं बघू का, विद्यार्थी शिकतायत", तर दहातले काही नक्की हो म्हणतील. मी म्हटलं असतं. निरोगी हृदय डोळ्यांत बसल्याशिवाय आजारी हृदय वेगळं दिसत नाही. वीस जणांनी एका प्रोबभोवती उभं राहायचं बंद करा. तीन-तीनच्या गटाने, रोज, अर्धा तास.

तिसरी, परीक्षेत तत्त्व लिहायला लावू नका. कुत्रं द्या, प्रोब द्या, म्हणा, "पाच मिनिटांत तीन पाकळ्या दाखव आणि शेजारचं अलिंद मोज." चित्र सरळ आलं की तिरकं, हे परीक्षकाला लगेच दिसतं. परीक्षेत विचारलं जातं तेच शिकवलं जातं, हे आपल्या देशात कुणाला वेगळं सांगायला नको.

चौथी, थांबायला शिकवा. "मला नीट दिसलं नाही" हे उत्तर बरोबर धरा आणि त्यासाठी मार्क द्या. अर्धवट शिकलेला, पण खात्रीने बोलणारा डॉक्टर न शिकलेल्यापेक्षा धोक्याचा. तीन प्रश्नांच्या पुढचं काही दिसलं तर चित्र साठवायचं, पाठवायचं आणि कुत्र्याला पुढे धाडायचं. इथे मोबाइल, इंटरनेट, माझं सॉफ्टवेअर सगळं उपयोगी पडेल. सरळ काढलेलं चित्र कराडहून पुण्याला जायला सेकंद लागतो. आम्हाला रात्रीत साडेतीन तास लागले होते.

शेवटचा आक्षेप मी स्वतःच स्वतःला घेते. ज्या देशात माणसांना वेळेवर एको मिळत नाही, तिथे कुत्र्यांचं कसलं? याला माझ्याकडे चलाख उत्तर नाही. एवढंच म्हणते की हे दोन वेगवेगळे खिसे आहेत. पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, मशीनं आहेत, शिकवायचे तास आहेत, कुत्र्यांचे मालक पैसे मोजतच आहेत. आम्ही मोजले. कफ सिरपचे, अँटिबायोटिकचे, दुसऱ्या अँटिबायोटिकचे. ते पैसे कुठल्या माणसाच्या एकोला गेले नसते.

हे सगळं बदलायला वर्षं लागतील. तोवर तुमच्या घरी म्हातारं कुत्रं असेल तर एक काम आजच करा. ते गाढ झोपलेलं असताना मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि छाती किती वेळा वर-खाली होते ते मिनिटभर मोजा. रोज मोजा, लिहून ठेवा. झोपेतले श्वास ३० च्या वर जाऊन तिथेच राहायला लागले तर डॉक्टरांकडे जा, खोकला असो वा नसो. आणि डॉक्टर "थोडा मर्मर आहे" म्हणाले तर तिथून उठू नका. विचारा, "हृदय वाढलंय का? बघता येईल का? इथे नाही तर कुठे?" हे तीन प्रश्न मी दोन वर्षांपूर्वी विचारले नव्हते.

मावसभावाची इंटर्नशिप आता सुरू होईल. परवा त्याचा फोन आला होता. दवाखान्यातल्या मॅडमना विचारून त्याने शनिवारी दुपारी मशीन रिकामं असतं ती वेळ मिळवलीय. सोबत दोन मित्र आहेत. "ताई, जिलेटिनमध्ये इसबगोल किती घालायचं?" असं विचारत होता. मी म्हटलं, मोजून सांगते. आईच्या स्वयंपाकघरात पहिला गोळा बिघडला, पातळ झाला. दुसरा फ्रीजमध्ये ठेवलाय.